अहवाल नॉर्मल, पाय बधिर: क्रोन्सच्या एका रुग्णाची जीवनसत्त्वं

वय ३८, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याचा वर्षानुवर्षं चालणारा दाह. इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा, तुकडा सहा वर्षांपूर्वी कापून काढलेला. तक्रारी अशा: दोन्ही पायांना मुंग्या, थकवा, केस गळणं, कंबर आणि मांड्या दुखणं. सोबतच्या अहवालात बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही नॉर्मल. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत सरळ प्रश्न होता: जीवनसत्त्वं ठीक आहेत, मग हे सगळं कशामुळे?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि एकाहून अधिक रुग्णांमध्ये दिसलेलं इथे एकत्र आणलं आहे.)

मागची हकिगत

सुरुवात आपल्याकडच्या बहुतेक क्रोन्सच्या रुग्णांसारखीच झाली. पोटात उजवीकडे खाली दुखणं, जुलाब, वजनात घट. स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, इलियम आणि सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) सांध्याशी जखमा दिसल्या आणि बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींची बारीक गाठ, सापडला. ती दोन्ही आजारांत दिसते. भारतात अशा वेळी आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांत फरक करणं खरोखर अवघड असतं, म्हणून आधी सहा महिने क्षयाची औषधं दिली गेली. उतार पडला नाही. उलट आतडं अरुंद होत गेलं, एके रात्री पूर्ण अडलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. निदान क्रोन्स ठरलं.

शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘इलियमचा शेवटचा भाग आणि सीकम काढले’ एवढंच लिहिलं होतं, लांबी नव्हती. ती सापडली पॅथॉलॉजीच्या अहवालात: ४२ सेंटिमीटर. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला तुकडा आकसतो, त्यामुळे प्रत्यक्षात काढलेलं आतडं याहून थोडं लांब धरायचं. असे कागद रुग्ण बहुधा घरीच ठेवतात, कारण जुनी फाईल कोणी मागत नाही. मी ती पहिल्याच भेटीत मागतो, कारण कोणतं जीवनसत्त्व कमी पडू शकतं हे आतड्याचा कोणता भाग आणि किती गेला यावर ठरतं. बी-१२ शोषायची जागा फक्त इलियमच्या शेवटी आहे. २० सेंटिमीटरपेक्षा जास्त इलियम गेलं असेल तर धोका धरून चालायचं. ६० च्या पुढे गेलं की बहुतेकांना आयुष्यभर इंजेक्शन लागतं. याउलट फक्त मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये बी-१२ कमी आलं, तर कारण आतड्याबाहेर शोधायचं: आहारात, औषधांत किंवा पोटाच्या अस्तरात.

पित्तक्षारही (पित्तातले चरबी पचवायला लागणारे घटक) याच इलियममधून परत शोषले जातात. ते परत गेले नाहीत की मोठ्या आतड्यात उतरून जुलाब करतात. या बाईंना त्यासाठी कोलेस्टिरामिनची पावडर चालू होती. जुलाब थांबले होते, पण ही पावडर पित्तक्षारांबरोबर चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही (अ, ड, ई, के) पकडून ठेवते. तीन वर्षांपासून ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबून दाह कमी करणारं औषधही चालू होतं.

आहाराचा प्रश्न मी ‘शाकाहारी का?’ एवढ्यावर सोडत नाही, काल सकाळपासून काय खाल्लं ते विचारतो. घर माळकरी, त्यामुळे अंडी-मासे कधीच नव्हते. दूध प्यायलं की पोट बिघडतं म्हणून दूध बंद. चहात घालतात तेवढंच. शस्त्रक्रियेआधी आतडं अडल्याची धास्ती अजून होती, म्हणून पालेभाज्या आणि सालीची फळंही बंद. उरलं मऊ वरण-भात, खिचडी, शेवयांचा उपमा. वरणावर लिंबू मात्र रोज. ‘लिंबाशिवाय घास उतरत नाही,’ बाई म्हणाल्या. क जीवनसत्त्व त्यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित होतं.

शरीरात बी-१२ चा साठा दोन ते पाच मिलीग्रॅम असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणून पुस्तकं सांगतात की इलियम गेल्यावरही कमतरता दिसायला काही वर्षं लागतात. हे गणित भरलेल्या साठ्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दोन तृतीयांशांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं, आणि प्रमाण सर्वांत जास्त होतं शहरी मध्यमवर्गात. त्या पुरुषांना आतड्याचा आजार नव्हता. आपल्याकडच्या माणसाचं इलियम कापताना साठा आधीच तळाशी असण्याची शक्यता मोठी. शिवाय यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरणारं बी-१२ एरवी पुन्हा शोषलं जातं. इलियम नसेल तर तेही रोज बाहेर जातं.

तपासणीत काय दिसलं

जीभ गुळगुळीत आणि लाल. तिखट लागलं की आग होते असं त्या म्हणाल्या. हातांवर दोन-तीन निळसर डाग, कुठे आपटलं ते आठवत नव्हतं. हिरड्या ठीक. डोळ्यांत कोरडेपणा किंवा पांढुरके ठिपके नव्हते, आणि संध्याकाळी स्कूटी चालवायला अडचण नव्हती.

पायांत खरी गोष्ट होती. ट्यूनिंग फोर्कची थरथर दोन्ही अंगठ्यांवर शून्य, घोट्यावर शून्य, गुडघ्यावर मंद. डोळे मिटून अंगठा वर केला की खाली, हे ओळखता येत नव्हतं. गुडघ्याचा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) जोरात, घोट्याचा गायब. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर तोल गेला. ‘सकाळी तोंड धुताना असंच होतं, डोळ्यांवर पाणी घेतलं की बेसिन धरावं लागतं,’ हे मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. नुसत्या मुंग्यांपेक्षा या वाक्याचं वजन जास्त. नसांसोबत मज्जारज्जूचा मागचा भागही गुंतल्याची ही खूण होती.

दुसरी खूण खुर्चीजवळ दिसली. जमिनीवर बसून उठताना त्यांना हातांचा आधार घ्यावा लागत होता, आणि नडगीच्या हाडावर अंगठा दाबला की दुखत होतं. मांडीचे स्नायू अशक्त आणि हाडं दुखरी, ही जोडी ऑस्टिओमलेशियाची, म्हणजे हाडं मऊ पडण्याची.

म्हणजे कागदावर ज्या दोन जीवनसत्त्वांना ‘नॉर्मल’ म्हटलं होतं, शरीर नेमकी त्याच दोघांची कमतरता दाखवत होतं.

पहिला अहवाल, नीट वाचल्यावर

बी-१२: ४१२ पिकोग्रॅम. ड जीवनसत्त्व: ४१ नॅनोग्रॅम. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइडचं संप्रेरक: २२ पिकोग्रॅम, मर्यादेत. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी: ०.५. हे चारही आकडे एकाच खासगी प्रयोगशाळेतल्या, एकाच पॅकेजमधले.

त्याच कागदावर इतर आकडेही होते, पण ते वेगळ्या पानावर असल्यामुळे कोणी जोडून पाहिले नव्हते. कॅल्शियम ७.९. कॅल्शियम रक्तात ज्या प्रथिनाला चिकटून असतं ते अल्ब्युमिन ३.४ असल्यामुळे दुरुस्त करून धरलं तरी ८.४ च्या आसपास, म्हणजे कमीच. फॉस्फेट २.२, कमी. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांत आणि यकृतात बनणारं एन्झाइम) २१२, वाढलेलं, आणि यकृताचे बाकीचे आकडे सरळ.

आता हे जुळवून पाहा. कॅल्शियम उतरलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि पीटीएच चढतं. इथे ते खालच्या टोकाला आरामात बसलेलं. ग्रंथीच निकामी आहे म्हणावं, तर फॉस्फेट वाढायला हवं होतं. ते तर घसरलेलं. जुनाट जुलाबांत मॅग्नेशियम उतरून पीटीएच दबतं, ही शक्यता धरण्यासारखी होती, पण मॅग्नेशियम १.९, म्हणजे ठीक निघालं आणि ती बाद झाली. कॅल्शियम कमी, फॉस्फेट कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त, हे चित्र ड जीवनसत्त्वाच्या जुन्या कमतरतेचं. त्यात ड ४१ आणि पीटीएच २२ बसतच नाहीत.

रक्ताच्या आकड्यांत असा कलह दिसला की आजारापेक्षा आधी चाचणीवर संशय घ्यावा, असं माझं मत आहे. पण बहुतेकदा उलटं होतं. ‘मशीनने दिलंय’ म्हटलं की आकडा पक्का आणि रुग्णाची तक्रार मनाची.

हिमोग्लोबिन १०.१ आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, १०४. याचं स्पष्टीकरण फाईलमध्ये लिहिलेलं होतं: ‘ॲझाथायोप्रिनमुळे’. ते चुकीचं म्हणता येत नाही, हे औषध पेशी मोठ्या करतंच. मी जुने सगळे हिमोग्राम तारखेप्रमाणे मांडले. औषध सुरू झाल्यावर एमसीव्ही ९७-९८ वर चढलं होतं आणि दोन वर्षं तिथेच राहिलं होतं. गेल्या वर्षभरात डोस तोच असताना ते पुन्हा चढू लागलं. औषधाने एकदा चढवलेला आकडा दुसऱ्यांदा का चढावा? स्मीअर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताची तपासणी, मागवली, त्यात केंद्रकाला सहा पाळ्या असलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी (बी-१२ कमी पडल्याची खूण), मोठ्या अंडाकृती तांबड्या पेशी, आणि मधूनच लहान, फिकट पेशीही. फिकट पेशी लोहाच्या कमतरतेच्या. लोह कमी पडल्यावर पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी पडल्यावर मोठ्या. दोन्ही एकदम कमी पडलं की सरासरी मधोमध येते आणि एमसीव्ही निष्पाप दिसतं. ॲझाथायोप्रिन नसतं तर या बाईंचं एमसीव्ही कदाचित ९२ आलं असतं आणि कोणाचंच लक्ष गेलं नसतं.

औषधांची पिशवी

‘ताई, घरात ज्या काही गोळ्या आहेत त्या सगळ्या उद्या घेऊन या. चिठ्ठीवरच्या आणि चिठ्ठीबाहेरच्याही.’

दुसऱ्या दिवशी पिशवीतून ॲझाथायोप्रिन, कोलेस्टिरामिन, पित्ताच्या गोळ्या, एक चूर्ण आणि केसांसाठीच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. केस गळतात म्हणून मेडिकलवाल्याने दिलेलं, आठ-नऊ महिने रोज. ‘ते औषध नाही हो डॉक्टर, ते तर केसांचं आहे.’ पाकिटावर छापलेलं: बायोटिन १० मिलीग्रॅम, सोबत फोलिक ॲसिड, झिंक वगैरे. सकाळी रिकाम्या पोटी एक. रक्त द्यायला गेल्या त्या दिवशीही घेतली होती, कारण उपाशीपोटी या म्हणाले होते, गोळी घेऊ नका असं कोणी म्हणालं नव्हतं.

बायोटिन हे स्वतः एक जीवनसत्त्व आहे. शरीराची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची. गोळीत त्याच्या शेकडो पट. विषारी नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. घोटाळा प्रयोगशाळेत होतो. संप्रेरकं आणि जीवनसत्त्वं मोजणाऱ्या अनेक यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांची घट्ट पकड वापरतात. रक्तात आधीच भरमसाट बायोटिन असेल तर ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवून बसतं, एसटीच्या सीटवर कोणी आधीच रुमाल टाकून ठेवावा तसं, आणि चाचणीतला खरा रेणू उभाच राहतो. यंत्र ज्या प्रकाशावरून आकडा काढतं तो प्रकाश कमी होतो. पीटीएच, टीएसएच, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) यांच्या चाचण्यांत कमी प्रकाश म्हणजे पदार्थ कमी, म्हणून आकडा खोटा खाली येतो. बी-१२, ड जीवनसत्त्व, फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिड) यांच्या चाचण्या उलट बेतलेल्या असतात. तिथे कमी प्रकाश म्हणजे पदार्थ जास्त, म्हणून आकडा खोटा वर जातो.

या बाईंच्या अहवालातली प्रत्येक विसंगती याच दिशेने गेली होती: ड वर, बी-१२ वर, पीटीएच खाली, टीएसएच खाली. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने या गोंधळाबद्दल नोव्हेंबर २०१७ मध्ये इशारा दिला होता, त्यात हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचा आकडा खोटा कमी आल्यामुळे दगावलेल्या एका रुग्णाचा उल्लेख होता. त्यानंतर अनेक कंपन्यांनी चाचण्या सुधारल्या. सगळी यंत्रं सारखी बिघडत नाहीत, आणि आपल्या गावच्या प्रयोगशाळेत कोणतं यंत्र आहे हे डॉक्टरला क्वचितच ठाऊक असतं. आतड्याच्या रुग्णांत मात्र हा धोका नेहमीपेक्षा जास्त, कारण कुपोषणाने केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन घेतलं जातं, आणि बायोटिनमुळे ते कुपोषणच लपतं.

केसांची गोळी बंद केली. पूर्ण तीन दिवस जाऊ देऊन नवा नमुना घेतला.

दुसरा अहवाल

बी-१२: १३८.
ड जीवनसत्त्व: ११.
पीटीएच: १४३.
टीएसएच: २.६.

होमोसिस्टीन, जे बी-१२ कमी पडलं की रक्तात साचतं, ५२ मायक्रोमोल. साधारण १५ पर्यंत ठीक मानतात. या चाचणीत एक ग्यानबाची मेख आहे. नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, म्हणून रक्त बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून दुपारच्या मोटरसायकलने शहरात गेलेला नमुना आपोआप ‘वाढलेला’ येतो. त्यामुळे हा नमुना आमच्याकडेच घेतला. बी-१२ च्या कमतरतेत वाढणाऱ्या मिथाइलमॅलोनिक ॲसिडचा नमुना मुंबईला पाठवला, ते २.१ आलं, मर्यादेच्या पाचपट. मूत्रपिंड बिघडलेलं असेल किंवा लहान आतड्यात जंतूंची वाढ झाली असेल तर हे ॲसिडही वाढू शकतं. क्रिएटिनिन नॉर्मल होतं आणि बाकी सगळी साक्ष जुळत होती.

मुंबईचा अहवाल यायला आठवड्याहून जास्त लागला. त्याची वाट पाहिली नाही. मज्जारज्जूची लक्षणं असताना नमुना घेतला की त्याच दिवशी बी-१२ चं इंजेक्शन द्यायचं. नंतर येणारा कागद निदान पक्कं करायला असतो, उपचार सुरू करायला नाही. मानेच्या मणक्याच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या ‘व्ही’ सारखी पांढरी खूण दिसली.

दुसरी कारणं पडताळली होती. क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड ब-६ जीवनसत्त्व कमी करून पाय बधिर करतं, पण ते संपून वर्षं झाली होती आणि मुंग्या वर्षभरापूर्वीच्या. क्रोन्समध्ये दीर्घकाळ दिलेलं मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशकही नसांना इजा करतं. त्यांनी घेतलं होतं ते आठवडाभर, फार पूर्वी. ई जीवनसत्त्व कोलेस्टेरॉलच्या प्रमाणात धरून ठीक निघालं. तांब्याच्या कमतरतेनेही मज्जारज्जूचं हुबेहूब असंच चित्र होतं, आणि केसांच्या गोळीतल्या झिंकमुळे तांबं कमी शोषलं जाण्याची शक्यता होती. तांबं मोजलं, मर्यादेत आलं. इथे एक सावधगिरी लागते. शरीरात दाह असताना तांबं वाढतं, म्हणून ‘नॉर्मल’ तांब्यावर मी फार भिस्त ठेवली नाही. गोळी बंदच झाली होती, आणि दाह उतरल्यावर तांबं पुन्हा मोजायचं ठरवलं.

फोलेट दोन्ही नमुन्यांत भरपूर होतं. पालेभाजी न खाणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णात भरपूर फोलेट दिसलं की मी दोन ठिकाणी पाहतो: कुठल्या गोळीत फोलिक ॲसिड आहे का, आणि आतड्यात जंतू वाढलेत का, कारण काही जंतू बी-१२ खातात आणि फोलेट बनवतात. इथे उत्तर पाकिटावर छापलेलं होतं. यामुळे आणखी एक कोडं सुटलं: मज्जारज्जू इतका बिघडलेला असताना हिमोग्लोबिन १० वर कसं टिकलं? बी-१२ नसताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त काही काळ सावरतं, नसा मात्र बिघडत राहतात. फोलेटची कथा आपल्या मुंबईतूनच सुरू होते. लूसी विल्स या इंग्लिश संशोधिकेने १९२८ नंतर इथल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा ॲनिमिया अभ्यासला, आणि यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, तो बरा होतो असं दाखवलं. त्या अर्कातला घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. मग १९४० च्या दशकात पर्निशियस ॲनिमियाच्या (बी-१२ शोषलंच न जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांना ते दिल्यावर रक्त सुधारलं आणि मज्जारज्जू खचत गेला, तेव्हा या औषधाची दुसरी बाजू कळली.

जी कमतरता नव्हती

अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, १७ मायक्रोग्रॅम आलं. २० च्या खाली कमतरता मानतात. रातांधळेपणा नव्हता, डोळे स्वच्छ होते, आणि सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाचं माप, ३४ होता. दाह असला की यकृत रेटिनॉल वाहून नेणारं प्रथिन कमी बनवतं आणि रक्तातला आकडा पडतो. यकृतातला साठा शाबूत असला तरीही. ग्लासगोच्या प्रयोगशाळेने हजारो नमुन्यांवर २०१२ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांच्या निष्कर्षानुसार अ आणि ड जीवनसत्त्वाचा आकडा सीआरपी १० च्या खाली असेल तरच विश्वासाने वाचता येतो. ब-६ आणि क साठी तर ५ च्या खाली हवा. झिंकही असंच घसरतं.

मग ड जीवनसत्त्वाचा ११ हा आकडा तरी का मानायचा? एकटा असता तर मीही थांबलो असतो. पण त्याच्या मागे चढलेलं पीटीएच, घसरलेलं फॉस्फेट, वाढलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जमिनीवरून उठता न येणं उभं होतं. रेटिनॉलच्या मागे कोणीच नव्हतं. म्हणून अ जीवनसत्त्व दिलं नाही. याच नियमाने क जीवनसत्त्वाची चाचणी केलीच नाही: हिरड्या ठीक, लिंबू रोजचं, आणि सीआरपी ३४ असताना येणारा आकडा कोणालाच वाचता आला नसता.

लोहाचं मात्र उलटं. फेरिटिन दाहात वाढतं. दुसऱ्या नमुन्यात ते ५८ होतं, आणि प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत म्हणून त्याखाली रेघ नव्हती. दाह असताना १०० पर्यंतचं फेरिटिनसुद्धा लोहाची कमतरता असू शकतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलेलं आहे ते) ११ टक्के, म्हणजे कमी होतं आणि स्मीअरमधल्या फिकट पेशी होत्याच. कमतरता खरी.

हातांवरच्या निळ्या डागांसाठी कोणत्याच पॅकेजमध्ये नसलेली एक साधी, स्वस्त चाचणी केली: आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप. के जीवनसत्त्व कमी पडलं की ते वाढतं. १.६ आला. के जीवनसत्त्व शिरेतून दिल्यावर दुसऱ्या दिवशी १.१. यकृत बिघडलेलं असतं तर तो असा पटकन उतरला नसता. चाचणी आणि उपचार एकाच सुईत.

उपचार आणि पुढचा प्रवास

बी-१२ चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला, आणि ते आयुष्यभर. गावात ते ‘लाल इंजेक्शन’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि अशक्तपणासाठी कोणीही टोचून घेतं. यातूनही निदानाचा घोळ होतो, कारण एका इंजेक्शननंतर रक्तातलं बी-१२ कित्येक आठवडे आभाळाला टेकलेलं असतं. त्यांना नर्सचा नंबर लिहून दिला आणि तारखा शाळेच्या कॅलेंडरवर मांडून दिल्या. पहिल्या पंधरवड्यात मुंग्या वाढल्या. असं होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे त्यांनी इंजेक्शन सोडलं नाही.

ड जीवनसत्त्वाची (डी-३) ६०,००० युनिटची पुडी नेहमीच्या पद्धतीने आठवड्याला दिली असती तर बहुधा कोलेस्टिरामिनमध्येच अडकली असती. सुरुवात स्नायूतल्या इंजेक्शनने केली आणि नंतर पुडी दिली, ती पावडरीच्या किमान चार तास अंतराने. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात. लोह शिरेतून देणं भाग होतं, पण सोयीचं म्हणून सगळीकडे वापरलं जाणारं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज टाळलं. ते एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढवून मूत्रपिंडातून फॉस्फेट बाहेर घालवतं. फॉस्फेट आधीच २.२ आणि हाडं मऊ, त्यावर ते देणं म्हणजे दुखणं वाढवणं. आयर्न सुक्रोजच्या छोट्या मात्रा दिल्या. फेऱ्या जास्त झाल्या, शाळेच्या रजाही.

मुळातला आजार जागा होता (आतड्यातला दाह दाखवणारी शौचाची चाचणी, कॅलप्रोटेक्टिन, ६४० होती), म्हणून क्षयाची नव्याने चाचपणी करून ॲडालिमुमॅब हे दाह रोखणारं इंजेक्शन सुरू केलं. चार महिन्यांनी सीआरपी ४ वर आला. त्या दिवशी पुन्हा काढलेलं रेटिनॉल ३१ होतं, अ जीवनसत्त्वाची एकही गोळी न घेता. तांबंही ठीक.

सहा महिन्यांनंतर त्या जमिनीवरून आधाराशिवाय उठतात आणि तोंड धुताना बेसिन धरावं लागत नाही. हिमोग्लोबिन १२.३. पीटीएच ७१, अजून पूर्ण खाली आलेलं नाही. ट्यूनिंग फोर्क आता घोट्यावर कळतो, अंगठ्यांवर नाही, आणि तिथे तो कळेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. केस अजून गळतात, थोडे कमी. केसांच्या गोळीबद्दल ठरलं ते असं: हवी असेल तर लोह आणि झिंकचे आकडे सरळ झाल्यावर पाहू, आणि कोणत्याही रक्ततपासणीआधी किमान तीन दिवस बंद.

एक गोष्ट अजून बाकी आहे. पहिल्या भेटीत त्यांनी आणलेल्या फाईलमध्ये हाडांच्या घनतेचा, डेक्साचा अहवाल होता: कमरेच्या मणक्यात ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं पोकळ होणं. त्यावर आठवड्याला एक बिस्फॉस्फोनेटची, म्हणजे हाडांची झीज थांबवणारी, गोळी लिहून दिलेली होती, सुदैवाने सुरू केलेली नव्हती. डेक्साला पोकळ हाड आणि खनिज न भरलेलं मऊ हाड यांतला फरक कळत नाही. दोन्हींत घनता कमीच दिसते. ड जीवनसत्त्व ११ आणि कॅल्शियम उतरलेलं असताना ही गोळी घेतली असती तर कॅल्शियम आणखी कोसळलं असतं. पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फेटेज सरळ होईपर्यंत गोळी नाही, आणि त्यानंतर वर्षभराने त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा. तेव्हाही घनता कमीच निघाली, तर स्टेरॉइडची जुनी मात्रा आणि पाळीची हकिगत धरून ऑस्टिओपोरोसिसचा विचार नव्याने करू.